भाडेकरू : महाराष्ट्राचे राज्यपाल

सकाळी ९.३०

शटर वर करायचा मान शिपाईमामांचा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा वेळाही नव्यानं ठरल्या. शिपायांनी साडेनऊला यायचं आणि साडेसहाला जायचं. आम्हा लिपिकांना पावणेदहा ते सव्वासहा. मामा जेऊरचेच, त्यामुळे त्यांची वेळ चुकत नाही. मी करमाळ्याहून एसटीनं येतो, माझी वेळ गाडीवर.

कार्यालय म्हणजे तीन गाळे. दोन रस्त्याकडे तोंड करून, आणि मधे दार पाडून त्यांना जोडलेला मागचा तिसरा. डावीकडे खत-औषधांचं दुकान, उजवीकडे मोबाइल दुरुस्ती. दारावर ‘महाराष्ट्र शासन’ अशी निळी पाटी आहे, पण तिच्या वर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत घरमालकाच्या आईचं नाव आहे आणि लांबून तेच आधी वाचता येतं. पत्ता विचारणाऱ्यालाही लोक आईच्या नावानंच सांगतात. खात्याचं नाव मी लिहीत नाही, अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. शिवाय पुढं जे सांगणार आहे ते भाड्याच्या जागेतल्या बहुतेक खात्यांना थोड्याफार फरकानं लागू पडेल.

जेऊर तसं खेडं, पण गाळ्यांचे भाव खेड्याचे नाहीत. तालुक्याचं ठाणं करमाळा असलं तरी रेल्वे करमाळ्याला नाही, ती जेऊरला आहे. पुणे–सोलापूर लोहमार्गावरचं हे स्टेशन. उजनीचं पाणी मागं पसरलं तशी या पट्ट्यात ऊस आणि केळी आली, पाठोपाठ खतवाले, बँका, पतसंस्था, दवाखाने आले. रस्त्याला लागून असलेलं शटर इथं रिकामं राहत नाही. अशा रस्त्यावर सरकारनं दोन शटरं अडवून ठेवलीत, तीही अशा दरानं की शेजारचा खतवाला ऐकून हसतो.

सकाळी ९.५०

संगणक सुरू करून पहिलं काम बीम्स बघायचं. अनुदान वरून खाली उतरतं ते या प्रणालीतून : विभागाकडून आयुक्तालयाला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे आमच्या साहेबांना. मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे. या दिवसांत बीम्स सकाळी एक आकडा दाखवतं आणि दुपारी दुसरा.

आमच्या खर्चाचे कप्पे क्रमांकांनी ओळखले जातात. ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, १४ भाडेपट्टी व कर. वेतनाचा कप्पा कधी रिकामा राहत नाही. राहिला तर राज्यभर बोंब होईल. १४ नंबरच्या कप्प्यासाठी बोंब मारणारा एकटाच असतो, घरमालक, आणि त्याची बोंब माझ्या टेबलापलीकडे ऐकू जात नाही. त्यामुळे अनुदानाला कात्री लागली की ती आधी इथं चालते. आम्ही अंदाजपत्रकात बारा महिन्यांचं भाडं मागतो, एप्रिल-मेचं मिळतं, मग शांतता.

आज आकडा दिसला : ४२,०००. भाडं महिना ७,०००. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत नऊ महिने थकलेत, म्हणजे ६३,०००. आले सहा महिन्यांचे. ३१ मार्चपर्यंत देयक पारित झालं नाही तर हेही व्यपगत होतील आणि एप्रिलमध्ये मी पुन्हा पहिल्या पायरीवरून मागणीपत्र लिहायला लागेन.

सकाळी १०.४०

आण्णा आले. घरमालक. वय सत्तरीच्या पुढं, धोतर नाही पण टोपी आहे. आत येताना स्वतःच्याच इमारतीच्या उंबऱ्याला पाय लागला की हात लावून पाया पडतात. खुर्ची मात्र मी ‘बसा’ म्हटल्याशिवाय घेत नाहीत.

“भाऊसाहेब, आलं का काय?”

“सहा महिन्यांचं आलंय, आण्णा.”

“आन् ऱ्हायल्यालं?”

“ते पुढच्या वर्षात.”

“म्हंजे आणखी जूनच की.” एवढं बोलून त्यांनी पिशवीतून कागद काढले. ते कागद मीच मागवले होते. तीन वर्षांचा करार ३१ मार्चला संपतोय, नूतनीकरणाचा प्रस्ताव जायचाय. त्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, घरपट्टी भरल्याची पावती, जागेचा नकाशा, मालकाचं संमतिपत्र, शासकीय जागा उपलब्ध नसल्याचा दाखला, आणि सगळ्यांच्या वर सार्वजनिक बांधकाम विभागाचं भाडं वाजवी असल्याचं प्रमाणपत्र. हे शेवटचं नसेल तर प्रस्ताव जिल्ह्यातूनच परत येतो. चुकून पुढं गेलाच तर दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या महालेखापालांचं पथक तपासणीला येतं आणि ‘वाजवी भाडे प्रमाणपत्राशिवाय भाडे अदा’ असा परिच्छेद लिहून जातं.

उतारा बघितला आणि अडकलो. मागच्या करारावेळी नाव एकट्या आण्णांचं होतं. आता तीन नावं. धाकटे भाऊ गेल्या वर्षी वारले, वाटणी कागदावर झालीच नव्हती, त्यामुळे पुतण्या आणि भावजय वारस म्हणून लागलेत. पुतण्या पुण्याला. भाड्याचे पैसे आता थेट खात्यात जमा होतात, पूर्वीसारखा साहेबांच्या सहीचा धनादेश हातात देता येत नाही. मग खातं कुणाचं? तिघांनी ‘भाडे यांच्या खात्यात जमा करण्यास आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायला हवं. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

“पोरगा सही करंल. पर मग म्हनंल, माझा हिस्सा द्या. आन् मी त्याला काय देऊ, सरकारनं मलाच दिल्यालं न्हाई.”

हे गाळे त्यांनी ऊसबिलातून आणि उरलेले बँकेच्या कर्जातून बांधले. कर्जाचा हप्ता दरमहा जातो. बँक त्यांना ‘अनुदान प्राप्त झाल्यावर द्या’ असं म्हणत नाही. मी मागं एकदा कागदाच्या कोपऱ्यावर हिशोब केला होता. महिना एक टक्का व्याज धरलं तर नऊ महिने थकलेल्या या भाड्यावर मार्चच्या मध्यापर्यंत अठ्ठावीसशे रुपयांच्या आसपास व्याज होतं. आमच्या करारात उशिराच्या भाड्यावर व्याजाचं कलम नाही. अनामत रक्कमही नाही. म्हणजे सरकारला ही जागा सात हजारांत पडते आणि त्यातलं थोडंथोडकं आण्णा दर वर्षी गुपचूप भरतात. कागदावर ‘भाडेखर्च नियंत्रणात’ असं दिसतं, ते या अठ्ठावीसशे रुपयांमुळे. असे किती आण्णा जिल्ह्यात असतील ते मला ठाऊक नाही, पण १४ नंबरचा कप्पा सगळीकडे सारखाच असतो.

त्यांना करारनाम्याचा नवा मसुदा वाचून दाखवला. पहिल्याच परिच्छेदाला ते दर वेळी थांबवतात. भाडेकरू म्हणून तिथं लिहिलेलं असतं : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल, यांच्या वतीने कार्यालय प्रमुख’. राज्यघटनेचं २९९ वं कलम असं सांगतं की राज्याचे करार राज्यपालांच्या नावानं व्हायला हवेत. सही साहेबांची, शिक्का कार्यालयाचा, भाडेकरू मात्र लोकभवनात, म्हणजे पूर्वीच्या राजभवनात.

“म्हंजे थकबाकी राज्यपालांची,” आण्णा म्हणाले.

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. मी चहा सांगितला.

चहा पिताना त्यांनी खरी गोष्ट काढली. एका खासगी फायनान्स कंपनीचा माणूस येऊन गेलाय. त्याला फक्त पुढचा एक गाळा हवाय, महिना आठ हजार, अनामत वेगळी, दर वर्षी वाढ. एका गाळ्याचे आठ. आम्ही तीन गाळ्यांचे सात देतो.

“मग त्यांना द्या की,” मी म्हणालो. मी असं म्हणायला नको होतं, साहेब ऐकत असते तर रागावले असते.

“द्यावं वाटतंय. पर सरकार एकदा बसलं की उठत न्हाई म्हंत्यात.”

ही भीती गावोगाव आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो सरसकट प्रत्येक गावाला लागू होत नाही, परिशिष्टांत नमूद केलेल्या ठिकाणांना होतो. शिवाय त्यानं बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून बाहेर ठेवलंय. कारण सरळ आहे : ज्यांना बाजारभाव परवडतो त्यांनी तो द्यावा. राज्य सरकार भाडेकरू असेल तर ते या यादीत नाही. म्हणून शहरातल्या घरमालकाला बँक आवडते आणि सरकारी कार्यालय आवडत नाही. जेऊरच्या चौकात ही सगळी कलमं कुणी वाचलेली नाहीत, पण गोषवारा सगळ्यांना पाठ आहे.

सकाळी ११.३०

बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता दुचाकीवरून आले. पत्र देऊन बरेच दिवस झाले होते, पण त्यांच्याकडे रस्त्यांची मार्चची बिलं असतात. आमची मोजणी कोण आधी धरणार? हेल्मेट टेबलावर, टेप हातात. टेपचं दुसरं टोक धरायला आण्णाच उठले.

मोजायचं असतं ते चटईक्षेत्र. भिंतींची जाडी वजा, पुढची पायरी वजा, पत्र्याची पडवी वजा. आण्णांना पडवीचं वाईट वाटलं, कारण पावसाळ्यात लोक तिथंच उभे राहतात आणि पत्रा त्यांनीच घातलाय. अभियंता म्हणाले, “आण्णा, लोकं उभी राहतात त्याचं भाडं नाही, फायली राहतात त्याचं आहे.” मागच्या गाळ्यातल्या स्वच्छतागृहाची मापं वेगळी लिहून घेतली. सगळं मिळून साठ चौरस मीटरच्या आत-बाहेर.

मग त्यांनी बांधकामाचं साल विचारलं, छत स्लॅबचं की पत्र्याचं, फरशी कसली, पाण्याची सोय काय. भाडं काढायची रीत बाजारात विचारून दर लावायची नाही. जमिनीची किंमत वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, बांधकामाची किंमत त्याच्या प्रकारावरून, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा. जी किंमत उरेल तिच्यावर ठरावीक टक्के परतावा, त्यात कर आणि दुरुस्तीचा वाटा, आणि त्याला बारानं भागायचं. ही रीत चुकीची आहे असं मला वाटत नाही. हीच रीत नसती तर कुठल्या कुठल्या पुढाऱ्याच्या मोकळ्या इमारतींना कसली कसली भाडी लागली असती याची कल्पना नोकरीतल्या कुणालाही करता येईल. पण तिच्यात एक पीळ आहे. इमारत जुनी होते तसा घसारा वाढतो, आणि रस्ता मात्र नवा होतो, चौक वाढतो, बँका येतात. गणित इमारतीकडे बघतं, फायनान्स कंपनी रस्त्याकडे बघते. सात आणि आठ हजारांमधली दरी तिथून येते.

“साहेब, अंदाजे किती निघंल?” आण्णांनी विचारलं.

“आत्ता कसं सांगू? उपअभियंत्यांची सही, मग कार्यकारी अभियंता. थोडं वाढेल.”

“थोडं म्हंजे?”

अभियंत्यांनी हेल्मेट उचललं.

दुपारी १.१५

जेवणाची सुट्टी अर्धा तास. डबा मागच्या गाळ्यात, फायलींच्या रॅकशेजारी. शेजारच्या गावातली एक अंगणवाडी सेविका तिच्या दुसऱ्याच कामासाठी आली होती, तिलाही बसवून घेतलं. तिची अंगणवाडी एका घराच्या खोलीत भरते. खोलीचं भाडं प्रकल्प कार्यालयाकडून उशिरा येतं, तोवर ती घरमालकिणीला पदरचे देते, कारण मालकीण रोज सकाळी दारातच उभी असते. आण्णा थांबू शकतात, खोलीवाली थांबत नाही. मग थांबायचं काम पगारानं सगळ्यात लहान असलेल्या बाईकडे जातं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. लोणचं वाढता वाढता सांगत होती.

मामा म्हणाले, पूर्वी असलं काही नव्हतं, दफ्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात असायचं. मामांनी ते पाहिलेलं नाही, त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. पण गोष्ट खरी आहे. कुलकर्णीपण वंशपरंपरागत वतन होतं, त्यामुळे गावाचं दफ्तर त्या घराच्या माडीवर राहायचं आणि सरकारला जागेचं वेगळं भाडं पडत नसे. भाड्याची किंमत दुसऱ्या रीतीनं मोजली जायची : दफ्तर ज्याच्या घरात, त्याच्या दारात गावानं ताटकळायचं, आणि ज्याला त्या घराची पायरी चढायची मुभा नव्हती त्यानं अंगणातूनच बोलायचं. मुंबई राज्यानं १९५० च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं काढून टाकली, महाराष्ट्रानं १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद. पगारी तलाठी आला, त्याची बदली व्हायला लागली, आणि सरकारला गावोगाव पहिल्यांदाच जागा शोधावी लागली. कुठं चावडी मिळाली, कुठं मारुतीच्या देवळाची ओवरी, कुठं भाड्याची खोली. हे भाडं मला महाग वाटत नाही. वाड्याच्या पायरीपेक्षा खतवाल्याशेजारचं शटर बरं.

टपालखात्यानं मात्र जुनी युक्ती अजून सोडलेली नाही. खेड्यातल्या शाखा डाकघराची जागा शाखा डाकपालानंच पुरवायची असते. त्याबद्दल थोडासा भत्ता मिळतो. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर भारत सरकार असं कुणाच्या तरी ओसरीवर बसलेलं सापडतं.

दुपारी २.१०

टपाल, आवक-जावक, दोन माहिती अधिकाराचे अर्ज, विजेचं बिल. बिल अजून आण्णांच्या कैलासवासी भावाच्या नावावर येतं. त्यासाठी वेगळी टिपणी. पुढं.

दुपारी २.४५

साहेबांनी बोलावलं आणि एक पिवळी पडलेली फाईल पुढं सरकवली : ‘कार्यालयासाठी स्वतःची इमारत’. दर वेळी भाड्याचा प्रस्ताव गेला की वरून एक ओळ येते, ‘शासकीय जागेबाबत केलेल्या कार्यवाहीचा अहवाल सादर करावा’. त्यामुळे दर तीन वर्षांनी ही फाईल कपाटातून निघते आणि अहवाल दिला की परत जाते.

जागा आहे. गावाच्या कडेला गायरानातला एक तुकडा आमच्यासाठी सुचवलेला होता. पण जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश दिले, त्याच वर्षी जुलैत राज्यानं शासन निर्णय काढला, आणि गायरान देण्याच्या वाटा अरुंद झाल्या. सार्वजनिक कामासाठी मिळू शकतं, दुसरी जागा नाही असं सिद्ध केलं तर. आम्ही दर वेळी सिद्ध करायला घेतो. मधल्या काळात इमारतीचं अंदाजपत्रक शिळं होतं, कारण बांधकामाची दरसूची बदलत राहते. जुन्या दरांच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळत नाही आणि नव्या दरांच्या अंदाजपत्रकाला प्रशासकीय मान्यता मिळेपर्यंत तेही जुनं झालेलं असतं.

खरी अडचण मात्र याहून साधी आहे, आणि ती मला लेखा शाखेत बसल्यामुळे दिसते. भाडं हा महसुली खर्च, आमच्या खात्याच्या खिशातला. इमारत हा भांडवली खर्च, सार्वजनिक बांधकामाच्या ४०५९ या प्रधान शीर्षातला. दोन खिसे, दोन मागण्या, दोन वेगळे सचिव. वीस वर्षांचं भाडं आणि एका इमारतीची किंमत एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहायचं काम कुणाच्याच टेबलावर नाही. मी ते एकदा टिपणीत लिहिलं. शेरा आला, ‘पाहिले’.

मुंबईत हे गणित एकदा मोठ्या आकड्यांत झालं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, मजले जळाले आणि खाती इकडेतिकडे पांगली. काही भाड्याच्या जागांत गेली आणि तिथंच रुळली. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना विकत घ्यायला मंजुरी दिली, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत भाड्याचा खर्च वाचेल हेही एक होतं. म्हणजे दोन्ही खिसे एकत्र मोजता येतात. पण त्यासाठी इमारतीला समुद्र दिसावा लागतो. आमच्या गायरानातून जास्तीत जास्त उसाचं रान दिसतं.

साहेब म्हणाले, “अहवालात काय लिहायचं?”

“मागच्याच अहवालाची तारीख बदलतो, साहेब.”

“दरसूचीचं सालही बदला.”

दुपारी ३.४०

करमाळ्याच्या उपकोषागारात फोन. तिथला लिपिक मित्र आहे, आक्षेपही मैत्रीनं घेतो. सहा महिन्यांचं देयक लावायचंय, पण करार एकट्या आण्णांशी आणि उतारा तिघांचा, चालेल का? तो म्हणाला, जून ते नोव्हेंबरचं देणं चालू करारातलं आहे, करारावर आण्णांची सही आहे, खातं तेच आहे. देयकासोबत मंजुरी आदेश आणि चालू करारनाम्याची प्रत जोड, उताऱ्याची भानगड नव्या करारात सोडव. मी सुटकेचा श्वास टाकला. आण्णांच्या वतीनंही टाकला म्हणायला हरकत नाही. त्यानं आणखी एक सूचना दिली : राहिलेल्या तीन महिन्यांचं दायित्व एप्रिलमध्येच कळव, कारण वर्ष उलटून गेलेल्या जुन्या मागणीला वेगळी मंजुरी लागते आणि मग कागद पुन्हा वर चढतात.

आयकर कपातीचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. भाड्यावरच्या कपातीची मर्यादा पूर्वी वर्षाला २,४०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ती महिन्याला ५०,००० झाली. जेऊरमध्ये सरकार ज्याला महिना पन्नास हजार भाडं देतं असा घरमालक मला भेटलेला नाही.

देयक तयार केलं, साहेबांची सही घेतली. मामा उद्या सकाळी पहिल्या गाडीनं करमाळ्याला जातील.

दुपारी ४.३०

पुण्याहून आण्णांच्या पुतण्याचा फोन आला. आण्णांनी नंबर दिला असणार. बोलणं शहरी, मुद्देसूद. तो माहिती-तंत्रज्ञान कंपनीत आहे आणि त्याची कंपनी जिथं भाड्यानं आहे तिथल्या कराराची त्याला माहिती आहे : दर वर्षी ठरलेली वाढ, उशिराला व्याज, ठरावीक काळ जागा सोडायची नाही असं बंधन. “सर, तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये यातलं काहीच कसं नाही?”

मी त्याला खरं सांगितलं. मसुदा आम्ही बनवत नाही, वरून ठरलेला असतो. प्रत्येक खातं आपापली जागा आपापलं शोधतं, आपापल्या घरमालकाशी बोलतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांसाठी जागा घ्यायला एक वेगळी संस्थाच आहे, १९४९ मध्ये निघालेली, जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन नावाची. तिथं खर्च कमी करायचा म्हणून २०२५ मध्ये शेकडो भाडेकरार रद्द करण्याच्या याद्या काढल्या आणि त्यातले काही पुन्हा मागं घ्यावे लागले. म्हणजे सगळं एका हातात देऊनही घाईला उत्तर नाही. पण निदान कुठं किती भाडं जातंय ही यादी त्यांच्याकडे एका जागी होती. आपल्याकडे जेऊरमध्ये किती सरकारी कार्यालयं भाड्यानं आहेत असं कुणी विचारलं तर मला चहाच्या टपरीवर जाऊन मोजावी लागतील.

“मग मी सही करू का नको?” त्यानं विचारलं.

“ते मी सांगणं योग्य नाही. एवढंच सांगतो की भाडं बुडणार नाही.”

“उशिरा येईल.”

“हो.”

“काकांचं कर्ज किती राहिलंय, तुम्हाला माहितीये?”

माहीत होतं. सांगितलं नाही, ते त्यानं आण्णांनाच विचारावं.

संध्याकाळी ५.२५

आण्णा दुसऱ्यांदा आले, या वेळी थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मला आत बोलावलं तेव्हा तोडगा निघालेला होता, आणि तो आम्हा दोघांपेक्षा आण्णांना आधी सुचला होता हे मान्य केलं पाहिजे. पुतण्याशी त्यांचं बोलणं झालं होतं. रस्त्याकडचा एक गाळा ते फायनान्स कंपनीला देणार. तो पुतण्या आणि भावजयीच्या वाट्याचा, त्याचं भाडं त्यांच्याकडे. उरलेला एक पुढचा आणि मागचा मोठा गाळा सरकारकडे. ते आण्णांच्या वाट्याचे, त्यांचं भाडं आण्णांना. वाटणीचं रीतसर पत्र करून ग्रामपंचायतीत नोंद लावायची. भाऊ वारल्यापासून जी वाटणी घरात निघत नव्हती ती आमच्या कराराच्या निमित्तानं निघाली.

साहेबांनी हिशोब केला. आवक-जावक पुढं, बाकी सगळे मागं. रॅक भिंतीला लावली तर बसतं. जागा कमी म्हणजे भाडं कमी, १४ नंबरचा कप्पा हलका, जिल्हा कार्यालय खूश. लोकांना उभं राहायला पडवी निम्मी होईल. ती कुणाच्या चटईक्षेत्रात नव्हतीच.

“राज्यपालांना जरा सरकून बसाया सांगा,” आण्णा म्हणाले. साहेब हसले, मग लगेच गंभीर झाले, कारण नूतनीकरणाचा प्रस्ताव ३१ च्या आत जायचा आहे आणि वाटणीची नोंद एवढ्यात होणार नाही. ठरलं ते असं : करार संपल्यावरही ताबा चालू ठेवायला वरून तात्पुरती मुदतवाढ मागायची, तोवर जुन्याच दरानं, आणि नोंद झाली की नवा करार.

संध्याकाळी ६.०५

कनिष्ठ अभियंत्यांना फोन लावला. ते कुठल्या तरी पुलाच्या कामावर होते, मागं मिक्सरचा आवाज.

“साहेब, सकाळची मोजणी...”

“झाली की! आकृती आज रात्री करतो.”

“करू नका. एक गाळा कमी झाला.”

थोडा वेळ नुसता मिक्सर. मग म्हणाले, “तोंडी चालणार नाही हो. पत्र द्या. आणि कुठली भिंत कुणाची ते नकाशावर दाखवून द्या, नाहीतर मी परत तीनच मोजून जाईन.”

शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं, पण पत्र उद्यावर टाकलं तर मामांच्या हातून देयकाबरोबर जाणार नाही. बसल्या बसल्या टंकलं. विषय : भाडे निश्चितीकरिता कार्यालयाच्या जागेची फेरमोजणी करून मिळणेबाबत. संदर्भ : आपण आज दिनांकी केलेली मोजणी.